केसांचा आकडा

“चाकांमधली ही दांडी कुणी घातली?” कारागिराने डोळ्यावरचे भिंग कपाळावर सरकवले. “गाडीची मूळ दांडी नाही ही. कुणीतरी तार कोंबलीय.”

“कोंबलीय नाही हो, बसवलीय,” भाऊ खुर्चीत पुढे सरकून म्हणाला. “आमच्या बाबांनी. त्यातच तर सगळं आलं. तुम्ही छत सरळ करा, काच बदला, रंग द्या, काय हवं ते करा. त्या दांडीला मात्र हात लावायचा नाही.”

टेबलावर अंथरलेल्या फ्लॅनेलच्या तुकड्यावर ती निळी गाडी पडली होती. तळहातावर मावेल एवढी, ओतीव धातूची, आणि वयाच्या मानाने परवापरवापर्यंत धडधाकट. भावाने नव्या घरी नेताना ती ज्या खोक्यात टाकली त्याच खोक्यात वर इस्त्री टाकली, आणि इस्त्रीने आपल्या वजनाला साजेसे काम केले. छत आत गेले, पुढची काच तडकली, एक दार सुटून लोंबू लागले. इतकी वर्षे ही गाडी आईच्या कपाटावर उभी होती आणि तिच्यावरची धूळ बहीण पुसत होती. ते काम तिला कुणी सांगितले नव्हते. आजही तिला सोबत बोलावले होते ते एवढ्यासाठीच, की ती इस्पितळात हाडांच्या विभागात प्लास्टर घालण्याचे काम करते आणि ‘तुला मोडलेल्यातलं कळतं’ असे भावाचे मत होते.

“मी हिच्यावर चक्क उभा राहिलो होतो,” भाऊ कारागिराला सांगत होता. ही हकीकत तो आता इतक्या सफाईने सांगे की श्वास कुठे घ्यायचा हेही ठरलेले होते. “पुढची दांडी कडकन तुटली. रडून रडून झोपलो. संध्याकाळी उठतो तर काय, गाडी उशाशी! चाकं जागेवर! बाबा काही बोललेच नाहीत. असा माणूस. करायचं आणि गप्प बसायचं.”

“तो केसांचा आकडा आहे,” बहीण म्हणाली. “आणि तो मी घातलाय.”

भावाने हसून तिच्याकडे पाहिले. “घ्या! ताई, अगं तू तेव्हा केवढीशी होतीस?”

“तुझ्यापेक्षा मोठी होते.”

कारागिराने पुन्हा भिंग खाली ओढले. “आकडाच आहे. ही बघा, नागमोडी बाजू. तरीच गाडी डावीकडे ओढत असणार.”

“ओढते! डावीकडेच ओढते!” भावाला कोण आनंद झाला. “म्हणजे बाबांनी तुझा आकडा घेतला असणार, ताई. हे तर आणखीच छान झालं.”

काही माणसे दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढतात. ती परवडली, निदान खोडण्यापुरते तरी ते त्यांना ऐकावे लागते. भाऊ खोडत नसे. तो पुढच्याचे म्हणणे आपल्या गोष्टीत सामावून घेई आणि वर कौतुकाने मान डोलावी.

कारागिराला या घरगुती संशोधनात रस नव्हता. “माझं सरळ आहे,” तो म्हणाला. “दुरुस्तच करायची तर ही गंजलेली पिन काढून नवी दांडी घालू. नाहीतर,” त्याने मागचे कपाट उघडून एक खोके काढले, “हे बघा. हीच गाडी, हाच निळा रंग. कोरी. कुणी खेळलेलंच नाही हिच्याशी.”

“कोरी घेऊन काय करू? मला बाबांच्या हातची हवीय.”

“मग विचार करा आणि परवा सांगा. फक्त पिन ठेवलीत तर चाक निखळण्याची जबाबदारी माझी नाही.”

दुकानाच्या पायऱ्या उतरताना भाऊ म्हणाला, “ताई, हल्ली तू फार चिडतेस.”

“हल्ली बोलते. चिडत आधीपासूनच होते.”

“बरं बाबा, तू घातलास. आता काय फरक पडतो?”

ती इस्पितळाच्या रस्त्याला लागली. कामाची वेळ झाली होती.

फरक पडत होता की नाही, हे लहानपणी त्या दुपारी जे घडले त्यावरून ठरवावे. भाऊ हुंदके देत झोपला होता. बाबा आल्यावर त्याला मार बसणार हे नक्की होते, कारण गाडी बाबांनी आणली होती, आणि आणताना ‘मुलासाठी’ असे स्पष्ट म्हटले होते. तिने वेणीतला आकडा काढला, सरळ केला आणि माजघराच्या दाराच्या बिजागरीत धरून दार दाबले. आकड्याची एक बाजू तुटून हातात आली, नेमकी नागमोडी. दुसरी सरळ होती, पण ती बिजागरीतच चेपली गेली. तिने आहे ती चाकांतून ओवली आणि पुन्हा दाराने दाबून तिची टोके वळवली. एका बोटाचे नख काळे पडले. संध्याकाळी बाबांचे साहेब घरी आले असताना भाऊ गाडी घेऊन बाहेर धावला. साहेब म्हणाले, “वा! तुम्ही दुरुस्त केलीत?” आणि बाबांनी घसा खाकरला. एवढेच. हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. घसा खाकरून त्यांनी चहाचा कप उचलला. “मी केली,” ती दारातून म्हणाली. “मोठ्यांच्या मध्ये बोलू नये,” बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळेत तिची वेणी सुटली म्हणून तिला वर्गाबाहेर उभे केले, आणि आकडा हरवला म्हणून घरी आईने थोबाडीत दिली.

दुकानात गेली त्या संध्याकाळी ती कामावरून घरी आली तेव्हा आई पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. मुलीच्या हातच्या घड्या तिला कधीच पसंत नसत.

“आई, छोटूची गाडी कुणी नीट केली होती?”

“कुठली गाडी?”

“तुला ठाऊक आहे कुठली.”

आईने एक टॉवेल झटकला. “इतकं जुनं कुणाच्या लक्षात राहतं? ते म्हणतात ना, बाबांनी केली.”

“ते म्हणजे कोण? छोटूच म्हणतो. बाबांना साधा खिळा मारता येत नव्हता. कॅलेंडर लावायला शेजारच्यांना बोलवायचे!”

“गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये.”

“असताना बोलले तर मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. गेल्यावर बोलले तर गेलेल्यांबद्दल बोलू नये. मग मी बोलायचं तरी कधी?”

“अगं, पण तुझं काय गेलं?” आई कळवळून म्हणाली. “पोराला बाप मोठा वाटला. घरात आनंद झाला. तुझं त्यात गेलं काय?”

बहिणीने घडी घातलेला टॉवेल उचलला आणि पुन्हा पलंगावर आपटला. ताट वाढताना तिने भांडी इतकी वाजवली की आईने मुकाट्याने जेवून घेतले.

इस्पितळात तिचे हे असे नव्हते. तिथे ती ओल्या पट्ट्या गुंडाळी, हाड हलू नये म्हणून पाय स्वतःच्या मांडीवर पेलून धरी, आणि बरा झालेला रोगी पेढे घेऊन डॉक्टरांच्या खोलीत जाई. त्याचा तिला कधी राग आला नाही. हाड जागेवर बसवण्याचे काम डॉक्टरांचेच होते आणि ते त्यांनी केलेले असे. ज्याने केले त्याचे नाव, एवढाच तिचा हिशेब होता, आणि तो तिने स्वतःलाही सवलत न देता पाळला होता. म्हणूनच त्या गाडीचा राग मुरत गेला.

ठरलेल्या दिवशी ती दुकानात पोचली तेव्हा भाऊ आधीच आला होता. गाडीशेजारी एक पितळी पाटी होती, कारागिराकडूनच कोरून घेतलेली: ‘बाबांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेली गाडी’.

“दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवणार,” भाऊ म्हणाला. “बाबांच्या फोटोखाली. कशी वाटते?”

“त्या दिवशी तू म्हणालास, काय फरक पडतो.”

“हो मग?”

“पडत नसेल तर पाटीवर माझं नाव घाल.”

भाऊ हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. “ताई, अगं पाटी तयार झालीय.”

“दुसरी कर.”

“मुलांना सांगून झालंय. ऑफिसात सांगितलंय. बाबांच्या शोकसभेत मी हीच गोष्ट सांगितली, लोक रडले! आता काय सांगू? माझी चूक झाली, ती आमच्या ताईने केली होती?”

“हो. तोंडपाठ तर झालंय तुला.”

“हट्टाला काही सीमा आहे का? एका आकड्यासाठी?” भावाचा आवाज चढला. “बाबांचं काहीतरी राहावं असं तुला वाटतच नाही!”

“बाबांचं जे असेल ते ठेव ना! त्यांचा चष्मा ठेव, छत्री ठेव. माझं कशाला ठेवतोस त्यांच्या नावावर?”

कारागीर ब्रशने टेबल झाडू लागला. झाडण्यासारखे त्यावर काही नव्हते. तिने त्याच्यापुढची चिमटा-पक्कड उचलली. इस्पितळात ती रोज प्लास्टर कापी आणि करवत कातडीला लागू देत नसे. तिने गाडी उलटी केली, आकड्याचे वळलेले टोक सरळ केले आणि एका झटक्यात आकडा ओढून काढला. दोन्ही चाके फ्लॅनेलवर घरंगळली आणि गाडी नाकावर आपटली.

“काय केलंस हे!”

“माझं होतं ते घेतलं. गाडी तुझी आहे. ती तुझ्यासाठीच आणली होती.”

मग कारागीर कपाटाकडे वळला आणि विचारू की नको अशा सुरात म्हणाला, “मग... ती कोरी दाखवू का?”

भाऊ तिच्याकडे न बघता म्हणाला, “दाखवा. आणि हे भंगार हिला देऊन टाका.”

भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ती गेली ते आईला एकटीला जाता येत नव्हते म्हणून. काचेच्या कपाटात बाबांच्या फोटोखाली कोरी गाडी झळकत होती. कधीच न मोडलेल्या त्या गाडीपुढे पाटी जशीच्या तशी होती. भावाचे वरिष्ठ चष्मा पुसून वाकले.

“वा! खुद्द वडिलांनी दुरुस्त केलेली? कळतसुद्धा नाही हो कुठे मोडली होती ते!”

भावाची नजर कपाटावरून निघाली, बहिणीपाशी येऊन क्षणभर थबकली आणि पुढे गेली. त्याने घसा खाकरला.

अगदी तोच आवाज. आई खाली मान घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. बहीण उठली. “आई, चल. तुझ्या गोळीची वेळ झाली.” वास्तविक गोळी घेऊन झाली होती. आई गुडघ्यांवर हात टेकून उठली.

घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. कपाटावरची पिशवी खाली ओढली, दबल्या छताची गाडी, चाके आणि आकडा जमिनीवर ठेवला, आणि माजघराच्या दाराशी बसली. एका चाकातून आकडा ओवला, गाडीच्या पोटातून पार केला, दुसरे चाक चढवले. टोक बिजागरीत धरावे तर गाडी निसटे, गाडी धरावी तर टोक सुटे. ती दातओठ खात पुन्हा पुन्हा तेच करत राहिली.

पलंग करकरला. आई भिंतीचा आधार घेत आली, कष्टाने खाली बसली आणि कुणी न सांगता तिने गाडी दोन्ही हातांनी धरली. बरोबर जिथे धरायला हवी होती तिथे.

“दार नीट दाब,” ती म्हणाली. “त्या दिवशी घाई केलीस, नख चेचून घेतलंस.”

बहिणीचा हात दारावरच थांबला. तिने आईकडे पाहिले. आई गाडीकडे पाहत होती.

मग तिने दार दाबले, अंगातले सगळे बळ लावून.