ढापणीचा बझर

शाळेच्या छंदवर्गात सर्किटं शिकवणारे सर निवृत्तीला टेकले होते. कडक होते, पण हातचं काही राखून शिकवायचे नाहीत. त्या दिवशी प्रत्येकाने बझर जोडायचा होता. टायमरची चिप, छोटा स्पीकर आणि सूर ठरवणारा डाळीएवढा सिरॅमिक कपॅसिटर. ज्यांचा वाजेल ती मुलं स्पर्धेला जाणार होती.

एकेक बाक वाजत गेला. सर ढापणीपाशी आले. जाड चष्म्यामुळे वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं, आणि तिनेही ते निमूट चालवून घेतलं होतं. तिने बटण दाबलं.

"वाजत नाहीये," सर म्हणाले.

"वाजतंय, सर."

सरांनी वाकून कान लावला. काहीच नाही.

"खरंच वाजतंय सर, आमचे कान किटले!" मागून दोघं-तिघं ओरडले आणि खिदळले.

सरांचं डोकं सणकलं. पोरांनी मिळून आपल्याला वेड्यात काढायचं ठरवलंय, असंच त्यांना वाटलं. "सर्किट बिघडलं तर चालेल, खोटेपणा चालणार नाही," ते म्हणाले. ढापणीने चष्मा काढून पुसला आणि खाली मान घालून बसली.

स्पर्धा तिच्याविना झाली. ती वर्गाला यायचीच बंद झाली. तिचं सर्किट सुटं करायला सरांनी घरी आणलं आणि सहज बॅटरी जोडून बटण दाबलं. आतल्या खोलीतून नात ओरडली, "आजोबा, बंद करा ना ती शिट्टी! डोकं उठलं."

"कसली शिट्टी?"

त्यांनी बटण सोडलं. "हां, आता थांबली," नात म्हणाली. पुन्हा दाबलं, तर ती कान झाकत बाहेर आली.

सरांनी भिंग आणलं. १०४ क्रमांकाच्या पाकिटातून त्यांनी स्वतःच्या हाताने वाटलेला तो कपॅसिटर. त्यावर छापलं होतं १०३. दहापट लहान. म्हणजे सूर दहापट चढा, थकलेल्या कानांच्या पार पलीकडचा. त्यांनी स्पीकर एका कानाला लावला, मग दुसऱ्याला. नात हसत होती. त्यांनी मात्र ते सर्किट सुटं न करता पिशवीत ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी ते सर्किट घेऊन ढापणीच्या घरी गेले. दार तिच्या आईने उघडलं.

"तुमची मुलगी खरं बोलत होती. मलाच ऐकू आलं नाही."

"सर, तिची बाजू सावरू नका. सगळ्या वर्गासमोर खोटं बोलली, कळलंय मला."

"अहो, ऐका तरी!" सरांनी बटण दाबून धरलं.

आई वाकली. डावा कान लावला, मग उजवा. भुवया जवळ आणून बराच वेळ थांबली.

"काही नाही वाजत, सर."

"वाजतंय हो! मोठ्यांना नाही ऐकू येत, मुलांना येतं. तिलाच विचारा."

मागे ढापणी दोन्ही कान गच्च दाबून उभी होती. आईने वळून पाहिलं. "बघा, अजून हिची नाटकं चालूच आहेत," ती म्हणाली. मग सरांकडे वळून हात जोडत म्हणाली, "पोरीसाठी तुम्ही एवढं केलंत, हेच खूप झालं. या आता."

सरांचा अंगठा तेवढा बटणावर तसाच राहिला होता.

"सर," ढापणी हळूच म्हणाली, "बंद करा ना."