निळा कमी

साहेबांनी काळी नळी उजव्या डोळ्याला लावली, डावा डोळा गच्च मिटला आणि मॉनिटरवरच्या पांढऱ्या चौकोनापुढे इतके वाकले, की आता नाक काचेला टेकतं की काय असं वाटावं. बराच वेळ ते तसेच राहिले. मग नळी खाली न घेताच म्हणाले,

“निळा कमी आहे.”

रंग मोजायच्या मीटरवरून तिने नजर काढली नाही. याच शब्दांची ती सकाळपासून वाट पाहत होती. खरं तर चौदा महिन्यांपासून.

“ऐकू आलं का मॅडम?”

“आलं. मीटर तिन्ही रंग सारखे दाखवतोय, साहेब. तुम्हीच बघा.”

“मीटर काय गिऱ्हाईक आहे? गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं.”

तपासणीची ही खोली चारी भिंतींना काळा रंग दिलेली, एका दाराची. इथला प्रमुख म्हणजे तिच्या वडिलांचा सख्खा मोठा भाऊ. घरी ती त्यांना मोठे काका म्हणायची, कारखान्यात साहेब. गेले चौदा महिने घरी ती त्यांना काहीच म्हणत नव्हती. दोन्ही घरं एकाच जिन्यावर, त्यांचं वर, हिचं खाली. वरून त्यांच्या चपला वाजल्या की तिचे वडील उठून दार लावून घेत, आणि चपला पुढे गेल्या की परत उघडत. उकाड्याच्या दिवसांत हा उद्योग दिवसातून चार वेळा चाले.

कारखान्यात मात्र साहेबांचं नाव होतं ‘शिक्का’. पास-नापासचा शिक्का त्यांच्या हातात म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्यांची ती नळी. पुठ्ठ्याची, आतून-बाहेरून काजळी आणि डिंकाचा थर दिलेली, म्हणजे आजूबाजूचा उजेड डोळ्यात शिरत नाही. काजळी कडेवरून निघायची आणि दिवसभर साहेबांच्या उजव्या डोळ्याभोवती काळं कडं उमटलेलं असायचं. ते पुसायची त्यांना कधी गरज वाटली नाही. जेवायलाही तसेच बसायचे, वरच्या साहेबांपुढेही तसेच जायचे. काम करणाऱ्या माणसाची खूण आहे म्हणायचे.

“ही तिसरी वेळ आहे,” ते म्हणाले. “नियम माहीत आहे ना? तीनदा नापास, की डिझाइन बाद. मग ही चिप घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवा.”

नियम तिला पाठ होता. तीन वर्षांचं काम त्या एका फॉर्मवर टांगलेलं होतं. पडद्यावर पांढरं दिसतं ते लाल, हिरवा आणि निळा अगदी एका तोलात असले तरच. संगणकाकडून येणारा प्रत्येक रंगाचा सिग्नल बिचारा अशक्त असतो. पडदा उजळण्याइतकं बळ त्याला देतो तो अ‍ॅम्प्लिफायर. आजवर तीन रंगांची तीन वेगळी सर्किटं असायची आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. म्हणून जुळवणीवाले मॉनिटरच्या मागे उभे राहून, प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने एकेक स्क्रू फिरवत, समोर स्टँडवर लावलेल्या आरशात पडदा बघत. तिने तिन्ही अ‍ॅम्प्लिफायर नखाएवढ्या एका चिपमध्ये बसवले होते. एकत्र तापणारे, एकत्र निवणारे. सख्खी भावंडं भांडतात, हे तिघे भांडत नव्हते. फिरवायला स्क्रू म्हणून नव्हताच.

आणि खरी गोम तिथेच होती. कुणाला चहात साखर जास्त लागते, तसा शिक्कासाहेबांना निळा जास्त लागतो, हे जुळवणीवाल्यांना सव्वा वर्षापासून ठाऊक होतं. ते तपासणीच्या आधी निळ्याचा स्क्रू हळूच चढवायचे. शिक्का बसला, की मॉनिटर बाहेर आणून तो परत उतरवायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त एका माणसाने तसं करायला नकार दिला. तिच्या वडिलांनी.

त्यांचे ओळीने अकरा मॉनिटर नापास झाले. अकराही फॉर्मवर तोच शेरा. अकराव्या दिवशी ते सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले होते, “दादा, एकदा नळी दुसऱ्या डोळ्याला लावून बघ.” मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. धाकटा भाऊ चारचौघांत आपली थट्टा करतो असं त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. महिनाअखेरीस वडिलांच्या हातात ‘रंगाची जाण नाही’ असं कारण लिहिलेला बडतर्फीचा कागद पडला. सव्वीस वर्षं रंग जुळवलेल्या माणसाला! तेव्हापासून ते घरात पांढऱ्या भिंतीकडे बघत बसत, आणि ते बघून तिच्या अंगाचा तिळपापड होई.

“अजून एकदा बघा,” ती म्हणाली.

“बघणारच आहे. शेवटचं बघणं माझं एकट्याचं असतं, दार लावून. उद्या कुणी म्हणायला नको, घाईत उरकलं.” त्यांनी फॉर्म पुढे ओढला. “बापाचा राग काढायला एवढी मोठी चिप कशाला बनवायची? चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.”

“शिव्या मीटरवर मोजून दाखवता येत नाहीत.”

“जीभ बापाची नाही. आईची आहे.”

“बाबांची जीभ तुम्ही एकदाच ऐकली,” ती दारापाशी थांबून म्हणाली. “तेव्हा त्यांनी जे करायला सांगितलं होतं, ते आता कुणी बघत नाहीये तोवर करून बघा. हसायला इथे कोणी नाही.”

“चालती हो.”

दार लागलं. बाहेर जुळवणीच्या लांब टेबलांवर सात-आठ जण मान खाली घालून काम करत होते, म्हणजे कान टवकारून बसले होते. एका वयस्कर बाईंनी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. तिने नकारार्थी मान हलवली. तिला त्या सगळ्यांचाच राग आला. बाबांच्या बाजूने त्या दिवशी यांच्यातलं एक माणूस बोललं असतं, तर? पण स्क्रू चढवणं-उतरवणं सोपं होतं.

दहा मिनिटं झाली. मग पंधरा. साहेबांना इतका वेळ कधी लागत नसे. आतून एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला, नंतर काहीच नाही. वीस मिनिटांनी त्यांनी आतून हाक मारली.

ती आत गेली आणि दार मागे लोटून घेतलं. साहेब पाठमोरे उभे होते. फॉर्म टेबलावर होता. तिने तिथल्या छोट्या दिव्याच्या उजेडात तो वाचला. निळा कमी. नापास. खाली सही. नेहमीची ठसठशीत सही आज ओळीवरून खाली घसरली होती.

तीन वर्षं गेली. घरी जाऊन बाबांना काय सांगायचं, तेही सुचेना.

“नियम म्हणजे नियम,” साहेब म्हणाले आणि वळले.

ती त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. उजव्या डोळ्याभोवती कडं होतं, रोजच्यासारखं. डाव्या डोळ्याभोवतीही होतं. ताजं, काळंभोर. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा नळी दाबून लावली असावी, कारण दोन-तीन कडी एकमेकांवर चढली होती.

“काय बघतेस?”

जुळवणीवाल्यांचा एक आरसा या खोलीतही असे; तो पडद्याकडे तोंड करून स्टँडवर उभा होता. तिने त्याची मान धरली आणि तो साहेबांकडे फिरवला.

साहेबांनी आरशात पाहिलं. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. रुमाल काढून त्यांनी पुसलं, ते आधी डाव्या डोळ्याभोवती. काजळी निघाली नाही, गालभर पसरली. ते मटकन खुर्चीत बसले.

“कागदासारखा पांढरा आहे,” ते म्हणाले. “या डोळ्याने.”

“आणि त्या?”

“जुन्या पिवळ्या कागदासारखा.” मग रुमालाची घडी करत म्हणाले, “मला वाटायचं, तुम्ही सगळेच निळा चोरता.”

तिला दया आली नाही. यायला हवी होती, असंही वाटलं नाही. तिने फाईल उघडून दोन कोरे फॉर्म काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. सकाळी येतानाच घेऊन आली होती.

“दोन कशाला?”

“एक चिपचा, या नापासच्या जागी. दुसरा बाबांच्या अकराव्या मॉनिटरचा. तो अजून गोदामात आहे, मी कालच नंबर बघून आले.”

साहेबांनी आधी दुसरा फॉर्म ओढला. नंबर लिहिला, ती सांगत गेली तसा. ‘पास’ लिहिलं. तारखेच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“तेव्हाचीच टाकू का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “म्हणजे त्याच्या नावावर डाग राहायचा नाही.”

“नको. आजची टाका,” ती म्हणाली. “चौदा महिने लागले, ते दिसू दे.”

साहेबांनी मान डोलावली आणि डावा डोळा कागदाजवळ नेऊन तारीख लिहायला घेतली.