आमदार निवासातली रजई

"एवढं ओझं अंगावर, तरी पाय गारच! कोणाले सांगावं गा हे?"

ही कुरकुर माझ्याच खालून आली. कुरकुरणारे होते आमदार वामनराव, आणि अंगावरचं ओझं म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुनी रजई आहे. माझा कापूस पिंजताना पिंजाऱ्याला शिंकांवर शिंका आल्या होत्या, एवढंच मला जन्माचं आठवतं. मग वर लाल साटीन चढलं. दर डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं, तेव्हा आमदार निवासात मला पेटीतून काढतात. पहिल्या वर्षी एका आमदारांनी मला गालाला लावून "वा!" म्हटलं होतं. पुढे साटीन विरलं, कापसाचे गोळे झाले, एक कोपरा उंदरांनी नेला. उरलेलं वर्ष डांबरगोळ्यांच्या वासात काढायचं आणि अधिवेशन आलं की पुन्हा लोकप्रतिनिधींना ऊब द्यायची.

माझा तो कोपरा जिने शिवला, तिला सगळे पार्वतीबाई म्हणत. खरी पार्वतीबाई मौद्याला घरी गुडघे धरून बसलेली. अधिवेशनात पासाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून कामाला माणसं पुरवणारा ठेकेदार दरवर्षी तिच्या पासावर हिला आणायचा. पासावरचा फोटो निरखून पाहायचा नाही, ही इथली रीत. हिचं खरं नाव सुमती. लहानपणी आईबापासोबत सीमेपलीकडून आली, इथंच नागपुरात हुडकेश्वरकडे वाढली, तिथंच संसार झाला. कागद मात्र एकही नाही. टाके घालता घालता ती मला हे सांगायची. रजई कुठं चुगली करते! ठेकेदाराला ठाऊक होतं, खोल्या सांभाळणाऱ्या कुहीच्या रामाजीला ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं.

त्या सकाळी चहा ठेवून ती थांबली.

"साहेब, माह्या पोरीचे, भावनाचे, दिवस भरले. सिझर कराव लागते म्हणते डॉक्टर. सरकारी दवाखान्यात फुकट होते, पण ते कागद मागून राहिले. तुम्ही एक फोन करा ना."

"करतो वं. सभागृहातून येऊ दे मले."

ते गेले. रामाजीने टीव्ही लावला. सुमती माझी घडी घालता घालता खालीच बसली.

त्या दिवशीचं विधेयक होतं, कागदपत्रं नसलेल्या परदेशी माणसांचं सरकारी धान्य आणि मोफत उपचार बंद करण्याचं. वामनराव उठले. "आपल्या लेकराच्या ताटातला घास परक्याने काहून खावा?" बाकं धडाधड वाजली. समोरून नंदिनीताई नावाच्या आमदार म्हणाल्या, "अडलेल्या बाळंतिणीलाही दारातून परत पाठवणार?" गोंधळ झाला. मग त्यांनी विचारलं, "बरं, ही माणसं राबतात कोणाकडे, तेवढं तरी सांगा."

तेव्हा, मित्रांनो, दोन्हीकडच्या बाकांवर कोणी पाणी प्यालं, कोणी चष्मा पुसला. अध्यक्षांनी विधेयक मताला टाकलं. होकाराचा आवाज मोठा होता.

सुमतीने मला पोटाशी धरलं. "असं तिथं बोलाच लागते. साहेब फोन करतीन. नाही का गा, रामाजी?"

"हो वं," रामाजी भिंतीकडे बघत म्हणाला.

साहेब येईस्तोवर माझं एक ऐकून घ्या. घरातल्या रजईला अधूनमधून ऊन दाखवा. उसवली की लगेच टाका घाला, आणि तो दुसऱ्या कोणी घातला असेल तर त्या माणसाचं दुखणंखुपणंही विचारा. आम्हाला ऊब काही आपोआप येत नाही.

वामनराव आले, पलंगावर बसले, मला पायांवर ओढलं.

"साहेब, फोन?"

"आता कसा करू? आजच बोललो ना मी. तू कागद आण, मग पाहू."

"कागद असते तं तुम्हाले कायले म्हटलं असतं?"

वामनरावांनी पायात मोजा चढवला. सुमतीने रिकामा कप उचलला आणि ती गेली. तिची पावलं जिन्यावर उतरेपर्यंत रामाजी दारात उभा होता.

"साहेब, इतकी वर्षं तिच्या हातचा चहा पिऊन राहिले तुम्ही. ती पार्वती नाही, हे तुम्हाले..."

"माहीत हाये गा." वामनरावांचा आवाज चढला नाही. "ठेकेदाराले माहीत, मले माहीत. कागदवाली बाई एवढ्याशा पैशात राबत नाही, अन् दुखलं तं बोलते. आपल्याले बिनकागदाचीच लागते, रामाजी."