पिठाची पावती

आमच्या एनॉसपेक्षा हट्टी बैल ओहायो नदीच्या अख्ख्या काठावर सापडायचा नाही. तो गिरणीवाला, मी त्याची बायको फीबी, तेव्हा मला ठाऊक. आम्ही क्वेकर पंथाची माणसं. शपथ घेत नाही, कुणापुढे टोपी काढत नाही, भल्याभल्यांना ‘तू’च म्हणतो आणि फौजेला दाणाही विकत नाही. विकला तर पंथाच्या सभेतून नाव कापतात, मग सोयरिक बंद, सगळंच बंद.

गेल्या हिवाळ्यात किल्ल्याच्या रसदीची नाव बर्फात अडकली आणि शिपाई जोड्यांचं चामडं उकळून खायला लागले. कॅप्टन ल्यूकन सरकारी पैसा घेऊन अंधारात आमच्या दारी आला. एनॉसने पैसे घेऊन त्याला मक्याचं पीठ दिलं, पण कागदावर नाव लिहून दिलं नाही. कॅप्टननेही हट्ट धरला नाही, बावळट कुठला!

बर्फ वितळलं तसा राजधानीहून हिशेबनीस आला. पावती नाही तर पैसा कॅप्टनने खाल्ला, असा कायदा. नोकरी जाणार, घराचा लिलाव होणार, आणि त्याची बायको पोटुशी. चौकशीला आसपासच्या सगळ्यांना किल्ल्यात बोलावलं होतं. मी एनॉसची बाही घट्ट धरून उभी होते.

“तोंड उघडलंस तर याद राख,” मी कुजबुजले. “आपल्या पोरींना कोण करून घेईल?”

“कॅप्टन,” हिशेबनीस म्हणाला, “राजाचे सरदार खजिना खायचे, म्हणून तर आपण राजा घालवला. हा पैसा लोकांचा आहे. शिपाई म्हणतात पीठ मिळालं. कुणाकडून घेतलंत?”

कॅप्टनने एकदाच आमच्याकडे पाहिलं.

“कोठारात उरलं होतं ते,” तो म्हणाला. “पैसा मी पत्त्यांत हरलो.”

माझ्या जिवात जीव आला. खोटं कशाला बोलू, आला! मग त्याच्या बायकोकडे नजर गेली. बाकावर बसलेली ती पोर नवऱ्याकडे बघतच राहिली होती, कुणी थोबाडीत मारावी तशी. मेलं काळीजच ते, माझी पकड सुटली.

एनॉस डोक्यावरची टोपी तशीच ठेवून पुढे गेला. “हा खोटं बोलतोय. पीठ मी विकलं, पैसे मी घेतले. आण तो पावतीचा कागद.”

“शपथेवर सांगता?” हिशेबनीसाने विचारलं.

“शपथ नाही. मी सांगतोय, तेवढं पुरे.” आणि त्याने सही ठोकली.

रविवारी सभेत पंथाच्या वडीलधाऱ्या कॅलेबने एनॉसचं नाव वाचून कापलं. एनॉस उठून दाराकडे गेला. बायकांच्या बाजूच्या बाकावरून मीही उठले.

“तू बस गं फीबी,” कॅलेब म्हणाला. “तुझं नाव नाही यात.”

“मग घाल की,” मी म्हटलं. “पोती मीच भरली होती.”