दुपार मागायला गेलेली माणसं

"नीज गं माझे मैने, वारा निजला…" इथं आईचा आवाज थांबायचा. छपरावरून विमान जायचं, तावदानं दात वाजवायची, माझ्या छातीवरचा तिचा हात जरा जड व्हायचा. सगळं ओसरलं की सोडलेल्या शब्दावर ती अलगद पाय टेकायची, "…पानात. उद्याचं सारं गुज, तुला सांगीन कानात." कितीतरी वर्षं मला वाटायचं, ओवी अशीच असते, मध्ये भोक असलेली. आता लेकीला थोपटताना, आभाळ रिकामं असलं तरी, मीही तिथं थांबते.

आमच्या वस्तीत सगळेच थांबतात. धावपट्टीच्या कुंपणापलीकडून लढाऊ विमान उठलं की कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा गालावरून उचलून हवेत धरतो. मी शाळेत शिकवते. माझा खडू फळ्यापासून बोटभर दूर जातो, पोरं ओठ मिटून घेतात. आवाज गेला की जो तो आपल्या तुटक्या वाक्याचं टोक शोधतो आणि पुढं बोलू लागतो. पाहुण्यांना हसू येतं. आम्हाला कधी आलं नाही.

दुपार तेवढी आमची होती. जेवणं झाली की विमानं उतरून गप्प उभी राहायची, आणि तान्ही पोरं, आजारी माणसं, रात्रपाळी करून आलेले लोक त्या वेळात झोप उरकून घ्यायचे. माझी लेक आता दुडदुडायला लागलीय. मी शाळेत असते तेव्हा ती आईजवळ असते. आई शिवणयंत्र बाजूला सारून तिच्याशेजारी आडवी होते. आणि आता हवाई तळावर नवी तुकडी येणार होती. तिच्या सरावासाठी त्यांना आमची दुपारही हवी होती. हरकती ऐकून घेऊ म्हणून सभा बोलावली होती.

सभेच्या दिवशी सकाळपासून एकही विमान उडालं नाही.

"पाहिलंत बाई?" न्हावी माझ्याशेजारी खुर्ची ओढत म्हणाला. "आज विमानांना पाहुणे आल्यासारखी शिस्त लागलीय."

"तुम्ही बोलणार ना?"

"बोलणार तर. घरी बायकोपुढं सराव केलाय. ती अर्ध्यातच उठून गेली, ती गोष्ट वेगळी."

तळाकडून आलेला साहेब इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात होता. त्याने पडद्यावर आवाजाच्या नकाशात आमची वस्ती दाखवली. ती पिवळ्या रंगात होती. पिवळा म्हणजे सहन होण्याजोगा, तो म्हणाला. कुणाला सहन होण्याजोगा, ते पडद्यावर नव्हतं.

मी उभी राहिले. वर्गात धडा कसा तुकड्या तुकड्यांनी शिकवावा लागतो ते सांगितलं. झोपेतून दचकून उठणाऱ्या पोरांचं सांगितलं.

"बाई, तुम्ही वर्षाची सरासरी बघा," तो म्हणाला.

"माझ्या लेकीला सरासरी ऐकू येत नाही, साहेब. तिला एकेक विमान ऐकू येतं. तिची झोप…"

तेवढ्यात वीज गेली. मागच्या अंगणातला जनरेटर खालच्या पट्टीत घरघरू लागला, आणि सगळं सभागृह थांबलं. न्हाव्याचा हात वर गेला. त्यात वस्तराही नव्हता. आयांचे तळवे पोरांच्या कानांवर गेले. माझं वाक्य माझ्याच तोंडात उभं राहिलं. साहेब डावीकडं बघतोय, उजवीकडं बघतोय, त्याला काही उमगेना.

त्या घरघरीत माणसाचा एकच आवाज चालू होता. माझ्या मागच्याच रांगेत आई नातीला मांडीवर घेऊन तिच्या झबल्याचं बटण लावत होती. "हे बटण की नाही, आधी काजातून डोकं बाहेर काढतं, इकडं तिकडं बघतं, मग अख्खंच बाहेर येतं."

दिवे लागले. साहेबाला आयतंच सापडलं.

"त्या आजींकडं बघा. इतकी वर्षं इथंच राहतायत ना? काही झालं का त्यांना? सवय होते माणसाला. त्रास बराचसा मनाचाच असतो."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. उभा जन्म या माणसांनी तिच्या डोक्यावरून विमानं न्यायची, आणि वर तिलाच साक्षीला उभं करायचं?

मी वळून आईकडं पाहिलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळ्यांकडं नव्हे, ओठांकडं.

"काय म्हणतो गं तो?"

"म्हणतो, तुला सवय झाली."

तिने नातीच्या केसांतून हात फिरवला. चारचौघांत ती कधी बोललेली नव्हती. मग म्हणाली, "धर हिला." आणि उठली.

"सवय नाही झाली, साहेब. मला ऐकू येत नाही."

तिने पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरलं.

"हळूहळू गेलं. आधी घड्याळ गेलं, मग पाखरं, मग माझं यंत्र. विमान आलं की पायाखालची जमीन हलते, म्हणून मीही सगळ्यांसारखी थांबते. मघाशी जमीन हलली नाही, म्हणून बोलत राहिले."

"आजी, हे वयामुळंही होऊ शकतं," साहेब म्हणाला.

ती त्याच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

"तुला सांगितलं असतं, तर पोर माझ्यापाशी ठेवून तू कामाला गेली असतीस का? दुपारी हिच्या मनगटाला सैलसा दोरा बांधते, दुसरं टोक माझ्या बोटाला. ही उठली, रडली, की बोटाला हिसका बसतो. तेवढ्यावर सांभाळते." तिने ओठ पुसले. "ही आता बोलायला लागलीय. आजी म्हणते म्हणे. फार गोड म्हणते, असं तूच सांगतेस. मी नुसते तिचे ओठ बघितलेत गं. तिचा आवाज कसा आहे, मला ठाऊक नाही."