चौथा मजला

लेकीने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा दाखवायला घरी आणला, तेव्हा मी चहात बिस्कीट बुडवत होतो. ते चहातच राहिलं.

"वडील काय करतात?" मी विचारलं.

"घड्याळं दुरुस्त करतात, काका. डाव्या कानाने ऐकू येत नाही, टिकटिक उजव्याने ऐकतात."

"आई?"

"पोहायला शिकवते."

"राहता कुठे?"

"पाण्याच्या टाकीमागे, पिवळ्या इमारतीत. चौथा मजला."

सव्वीस वर्षांपूर्वी मी शिरगणतीच्या कामावर होतो. पिवळ्या इमारतीला तीनच मजले होते. रजिस्टरात शंभर घरं भरायची होती, त्यांतलं एक कमी पडत होतं आणि पाय सुजले होते, म्हणून जिन्यात बसल्या बसल्या मी वर एक मजला चढवला. त्यात कुटुंब भरलं. घड्याळजी, डाव्या कानाने बहिरा. बायको पोहण्याची शिक्षिका. मुलगा, वय दोन. नळाच्या रकान्यापर्यंत येईतो पेनातली शाई संपली.

"तू अठ्ठावीसचा," मी म्हणालो.

"अगदी बरोबर! कसं ओळखलंत?"

लेक त्याच्यावर जीव टाकत होती, आणि तो माझ्या कंटाळ्यातून जन्मला होता.

मी बायकोला स्वयंपाकघरात ओढलं. "हे लग्न होणार नाही. तो पोरगा मी निर्माण केलाय."

बायकोने किटली खाली ठेवली. "कुणाबरोबर?"

"रजिस्टरात गं!"

सगळं ऐकून तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "आणि आपलं घर कुणी मोजलं होतं?"

स्वतःचं घर स्वतः मोजायचं नाही, असा नियम होता. आमचं घर माझ्याबरोबर शिरगणतीवर असलेल्या जाड्याकडे होतं. जाड्या उभ्या जन्मात जिना चढला नाही. त्याने खाली स्कूटरवर बसूनच लिहिलं: नवरा, बायको, एक मुलगी. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. तो कागद पाहून बायको रडली होती. पुढच्या वर्षी लेक झाली.

हल्लीची पोरं म्हणतात, हे जग कुणीतरी कम्प्युटरवर चालवतंय. कम्प्युटर कसला, स्कूटरवर!

बाहेरून लेकीचं खळखळून हसणं ऐकू आलं.

"दोघं एकाच शिरगणतीतली," बायको डोळे पुसत म्हणाली. "जा, हो म्हणा."

मी बाहेर येऊन हो म्हणालो. मग राहवेना, म्हणून विचारलं, "घरात नळ आहे ना?"

"तेवढाच नाही हो, काका! खालच्या तिन्ही मजल्यांवर आहे. सव्वीस वर्षं आई बादल्या वर आणतेय. कुठल्या गाढवाचं काम आहे, कुणास ठाऊक."

मी चमच्याने बिस्कीट शोधू लागलो.