लेस्टरची पांढरी टेप

लग्न उद्यावर आलं होतं आणि ऑर्विलने गॅरेजमधल्या फ्रिजला बसवलेल्या नळातून बिअरऐवजी फेस येत होता. पेल्यात खाली बोटभर बिअर आणि वर दाढीचा साबण. मुलीला, कॅरिनला, त्याने वर्षापूर्वी शब्द दिला होता: तुझ्या लग्नात बापाच्या हातची बिअर. बायको आर्लिस व्यवहारी. चारपर्यंत धड पेला दिसला नाही तर ती दुकानात फोन करून डब्यातली बिअर मागवणार होती. सव्वातीन झाले होते.

फेस पुरेसा नव्हता म्हणून की काय, गळतीही होती. पिंपातली बिअर नळाकडे ढकलणाऱ्या गॅसचा अख्खा सिलिंडर रात्रीतून रिकामा व्हायचा. साबणाचं पाणी लावून पाहिलं तर बुडबुडे नेमके लेस्टरच्या सांध्यावर. लेस्टर म्हणजे आर्लिसचा धाकटा भाऊ, चाळीस वर्षं प्लंबर. त्याने जखमेला पट्टी बांधावी तशी मायेने तिथे पांढरी टेप गुंडाळली होती. घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळातल्या जाणकाराचं फोनवर म्हणणं पडलं, की या सांध्याला टेप चालत नाही. नायलॉनची चकती घालायची आणि नुसता आवळायचा. आणि बिअरची नळी दहा फूट हवी, आखूड नळीतून फेसच येतो. ती ऑर्विलने फ्रिजमध्ये नीटनेटकी दिसावी म्हणून कापून दोन फुटांवर आणली होती.

पण विस्कॉन्सिनच्या त्या भागात प्लंबरला तोंडावर चूक सांगायची, तर आधी गाव सोडायची तयारी हवी. ऑर्विलने आठवडा गप्प राहून काढला होता.

लेस्टर गॅरेजमध्ये आला, फेसाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि "वाईट नाही" म्हणाला. तिकडे याहून कडक टीका कुणी करत नाही.

"नळी जरा लांब असती तर बरं," ऑर्विल म्हणाला. "गावातून आणतोस का? तास लागला तरी चालेल."

"आणतो की, दाजी."

तो वळताच ऑर्विलने गॅस बंद केला, सांधा खोलला, टेप ओरबाडून खिशात कोंबली, चकती बसवली. शेवटचा आटा आवळतोय तोच लेस्टर दारात.

"इतक्यात आलास?"

"गाडीतच पडली होती."

नळीवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती, मागच्या शनिवारची. म्हणजे नळी आखूड आहे हे ठाऊक असून आठवडा यानेही गप्प राहून काढला होता. ऑर्विलने चिठ्ठी वाचली नाही असं दाखवलं.

दहा फुटी नळी जोडली, गॅस सुरू झाला. साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा नाही. पेल्यात सोनेरी बिअर चढली, वर दोन बोटं फेस. लेस्टरने सांध्यावर प्रेमाने थाप मारली. टेप दिसत नव्हती, पण आत असणारच.

"बघा दाजी. टेपने धरलं शेवटी."

"धरलं बाबा," ऑर्विल म्हणाला.

चारला पाच कमी असताना आर्लिस आली. तिने एक घोट घेतला, फोन एप्रनमध्ये ठेवला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "खिशातून पांढरं काहीतरी लोंबतंय. आत ढकला. लेस्टर बघेल."